गंगाराम तांबट

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यास गंगाराम चिंतामण तांबट या नावाचा एक गुणी चित्रकार होऊन गेला. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्याचे कसब हेरले व त्यास चित्रे काढण्याच्या कामी लाविले. १७९० साली गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे हुबेहूब चित्र काढिले. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्याच्या हाताखालीही गंगारामाने काम केले.

मॅलेटसाठी गंगारामाने वेरूळची लेणी चितारली. एका चित्रात तर त्याने स्वतःलाही रेखाटले आहे. तेथे तो आपल्या गुरूस वंदन करीत आहे. लेण्यांच्या चित्रात अशी माणसे असली, की खांब केवढे उंच आहेत हे पाहणाऱ्यास चटकन उमगते.

१८०३ साली लंडन येथे वेरूळच्या २४ चित्रांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या पानावर वेल्स व टॉमस डॅनियल यांची नावे झळकली. गंगारामाचे नाव तेथे नव्हते. वेल्स तर १७९५ सालीच निवर्तला होता. पुढे गंगारामाचाही लोकांस विसर पडला.

मात्र मॅलेटच्या संग्रहातील त्याची चित्रे टिकून राहिली. आज ती अमेरिकेतील येल विद्यापीठात आहेत. अभ्यासकांनी नोंदी वाचून व रेषा ताडून गंगारामाचा हात ओळखला. अशा रीतीने या मराठी कलावंताच्या कामास त्याचे नाव परत मिळाले.