राजमाचीच्या वाटेवर भेटलेले गोनीदा

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गातले सहाजण राजमाचीला गेलो होतो. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल, पुढे कोंदिवड्यापर्यंत सहा आसनी रिक्षा आणि तिथून चढण. वाटेत कोंढाण्याची लेणी लागतात. लेण्यांपुढची पावसाची धार अंगावर घेऊन आम्ही वर निघालो तेव्हा सगळेच बोलके होतो. तासाभराने कोणीच बोलेना. त्याच चढावर एक म्हातारेबाबा डोक्यावर तांदळाचे पोते घेऊन आमच्या पुढे चालले होते. पायात प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर इरले नाही की छत्री नाही. ते एका दगडावर टेकले म्हणून आम्हीही टेकलो. त्यांनी विचारले, कुठले? मी म्हटले, ठाण्याचा, वागळे इस्टेटचा. बाबा हसले. त्यांनी सांगितले की वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात आपण आठ वर्षे काढली आहेत. पुढे तिथे जीव रमेना, म्हणून सरळ उठून वर आलो. मग पोते डोक्यावर चढवून ते निघून गेले. आम्हाला पुन्हा दिसले ते उधेवाडीच्या एका पडवीत, चहा पिताना.

हा प्रसंग मी सोमवारी कॉलेजात सांगितला. मराठीच्या सरांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून एक जुने, पाठीला चिकटपट्टी लावलेले पुस्तक काढून हातात ठेवले. पुस्तक होते ‘माचीवरला बुधा’. मुंबईला कंटाळलेला एक म्हातारा राजमाचीच्या परिसरात परत येतो आणि झाडापेडांच्या, पाखरांच्या, जनावरांच्या सोबतीने एकटा राहू लागतो, एवढीच त्यातली गोष्ट. पण मी ती एका बैठकीत वाचली, आणि वाचताना मला सारखे ते पोतेवाले बाबा दिसत होते. सरांना मी विचारले की हे लेखक त्या वाटेने गेले होते का? सर म्हणाले की ते गेले नाहीत असा डोंगर शोधून दाखव.

त्या लेखकाचे नाव गोपाळ नीळकंठ दांडेकर. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणतो. जवळची माणसे अप्पा म्हणत. ८ जुलै १९१६ रोजी विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला त्यांचा जन्म झाला. मागे सातपुड्याच्या रांगा आणि मेळघाटचे रान. डोंगर जणू जन्मापासूनच शेजारी होता. पण हा मुलगा शाळेत फार टिकला नाही. सातवीत असताना, वयाच्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घ्यायची म्हणून त्याने घर सोडले. पुन्हा शाळेचे तोंड पाहिले नाही.

इथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे, कारण गोनीदांच्या चरित्रातले हे पान मी फार निराळ्या कारणासाठी धरून ठेवले होते. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. आता वागळे इस्टेटीत पूर्वीच्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथे वडिलांना ओळखणारे कोणी नाही. पहिल्या वर्षाला माझा इंग्रजीचा पेपर राहिला. त्याच सुमारास एका गोदामात पार्सले मोजायचे काम चालून आले. पगार बरा होता. मी मनाशी ठरवूनच टाकले होते की कॉलेज सोडायचे, आठवडाभर काम करायचे आणि सुटीच्या दिवशी डोंगर. आईला पटवायला एक दाखला हवा होता, तो मला मिळाला. सातवी सोडलेला माणूस एवढा मोठा लेखक होतो, मग पदवी कशाला? मी आईला हे ऐकवलेही. ती काही बोलली नाही. फक्त, त्या माणसाने शाळा सोडल्यावर पुढे काय केले, एवढे तिने विचारले. मला उत्तर देता येईना, कारण मी तेवढेच पान वाचले होते!

मग पुढची पाने वाचणे भाग पडले. ‘स्मरणगाथा’ हे त्यांच्या आयुष्याच्या सुरुवातीच्या काळावरचे पुस्तक मी वाचायला घेतले, आणि माझा दाखला माझ्यावरच उलटला.

घर सोडलेला हा मुलगा भटकत भटकत गाडगेमहाराजांच्या सहवासात आला. गाडगेबाबा दिवसा हातातल्या खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. त्यांच्याबरोबर आणि त्यांचा संदेश घेऊन हा पोरगा गावोगाव पायी हिंडला. भाकरी मिळेल तिथे खायची, जागा मिळेल तिथे पडायचे. हिंडणे म्हणजे नुसते पाहणे नव्हे, जिथे जाऊ तिथले काही काम आपल्या हातून व्हावे, हा धडा त्याला त्या वयात मिळाला असावा असे मला वाटते.

पण तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. त्याला शिकायचे होते. शाळा सुटली होती, शिक्षण सुटले नव्हते. तो संस्कृत शिकला. जाणत्यांच्या पायाशी बसून त्याने वेदान्ताचा अभ्यास केला. ज्ञानेश्वरी त्याने अशी जवळ केली की पुढे ज्ञानेश्वरांवर ‘मोगरा फुलला’, तुकोबांवर ‘तुका आकाशाएवढा’ आणि समर्थांवर ‘दास डोंगरी राहतो’ अशा कादंबऱ्या त्याच्या लेखणीतून उतरल्या. आपल्याला घंटा वाजली की तास संपतो. त्याच्या शाळेला घंटाच नव्हती. माझ्या गोदामाच्या बेताशी याचे काय नाते होते? काहीच नाही. तो अवघड शाळेकडे निघाला होता. मी सोप्या सुटकेकडे निघालो होतो.

त्यानंतरची त्याची मोठी शाळा म्हणजे नर्मदा. अमरकंटकला उगम पावून खंबातच्या आखाताला मिळणारी ही नदी सुमारे १३०० किलोमीटर वाहते. परिक्रमेचा नेम असा की नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र मध्ये कुठे ओलांडायचे नाही, आणि भिक्षा मागून मिळेल त्यावर राहायचे. म्हणजे एका तीरावरून जाऊन दुसऱ्या तीरावरून परत यायचे. हे अंतर दुप्पट होते. दांडेकरांनी तरुणपणी ही परिक्रमा केली. रानातल्या वाटा, धर्मशाळा, साधू आणि भोंदू, घास काढून देणाऱ्या बाया, हे सगळे पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीत आले. पुस्तकाच्या नावातसुद्धा त्यांनी स्वतःला कुणी एक म्हणून मागे ठेवले आहे. आम्ही मात्र किल्ल्यावर पोचल्याबरोबर आधी स्वतःचा फोटो काढतो!

पुढे ते तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. स्थिरावले म्हणजे काय, तर घर केले. पाय काही स्थिर झाले नाहीत. तळेगावहून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची ही सारी मंडळी हाकेच्या अंतरावर. याच मावळातून ‘पवनाकाठचा धोंडी’ आला. त्यावर १९६६ साली चित्रपटही निघाला. पत्नी नीराताई, कन्या वीणा, पुढे जावई विजय देव, सारे घरच या वेडात सामील झाले. वीणाताई आणि विजय देव यांनी नंतर कित्येक वर्षे या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगाव केले. म्हणजे बाप पायाने हिंडला आणि लेकीने त्याचे शब्द हिंडवले.

किल्ल्यांवर त्यांनी ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ अशी पुस्तके लिहिली. शिवकालावर पाच कादंबऱ्या लिहिल्या. आज आपण सुटीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून निघतो ते सहज वाटते. पण किल्ला ही इतिहासाच्या पेपरात लिहायची गोष्ट नसून चालत जाऊन भेटायची वडीलधारी आहे, हे मराठी मध्यमवर्गाला पटवून देणाऱ्या माणसांत गोनीदांचे नाव फार वरचे आहे. त्यांची पुस्तके वाचून घराबाहेर पडलेले कितीतरी लोक अजूनही डोंगरात भेटतात. माहुलीच्या चढावर आम्हाला सत्तरीचे एक काका भेटले होते. आम्ही धापा टाकत होतो आणि ते सुपारी कातरत होते. गोनीदा वाचून आपण विसाव्या वर्षी बाहेर पडलो ते अजून घरी परतलोच नाही, असे ते हसत हसत सांगत होते.

परंतु मला सर्वांत जास्त नवल वाटते ते त्यांच्या कानाचे. ते जिथे गेले तिथली बोली घेऊन आले. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ कोकणातल्या. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडातली. ‘जैत रे जैत’ ठाकरांची. माणसाच्या ओट्यावर बसल्याशिवाय, त्याच्या घरचे पाणी प्यायल्याशिवाय अशी भाषा हाती लागत नाही. ‘जैत रे जैत’मधला नाग्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरतो आणि चिंधी त्याला साथ देते. जब्बार पटेल यांनी १९७७ साली त्यावर चित्रपट केला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कर्नाळ्याच्या सुळक्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी आम्ही खालून पाहिली, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वात्रट मुलालाही नाग्या आठवला आणि त्याने दगड मारायला उचललेला हात खाली घेतला. आणि हा माणूस केवळ जुन्या दगडांत रमणारा होता असेही नाही. भाक्रा-नांगल धरण उभे राहत होते तेव्हा त्यावर त्यांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी लिहिली. यंत्रांच्या आणि घामाच्या वस्तीत वाढलेल्या मला हे वाचून फार बरे वाटले.

एक शंका मात्र मनात राहिली, ती लपवण्यात अर्थ नाही. गोनीदांचा डोंगर कधी कधी फार सुंदर असतो. त्यांचा बुधा माचीवर तृप्त आहे. आमच्या पोतेवाल्या बाबांना पडवीत पुन्हा गाठले तेव्हा ते तृप्त वाटले नाहीत असे नाही, पण त्यांनी आणखीही काही सांगितले. रात्री कोणी आजारी पडले तर खाली कसे न्यायचे, आणि नातवंडांना शिकायला गावाबाहेर का ठेवावे लागते, हे सांगितले. तांदळाचे पोते हौसेने कोणी डोक्यावर घेत नाही. माझे आजोबाही पाटण तालुक्यातल्या अशाच एका डोंगरातून पोट भरायला ठाण्याला आले. त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे सहल नव्हती, रोजची दमछाक होती. मग गोनीदांनी ही बाजू पाहिली नाही का? मला वाटते पाहिली. ओस पडत जाणाऱ्या गावाचे दुःख ‘पडघवली’त आहेच. परंतु डोंगरातला माणूस बिचारा म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मुलखाचा धनी म्हणून उभा करायचा, हे त्यांनी निवडले. ती निवड मला पूर्ण पटत नाही, तरी तिच्यातला मान मला पटतो. माझ्या आजोबांना असा मान ठाण्यात कोणी दिला नव्हता.

लौकिकही त्यांना मिळाला. ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८१ साली अकोल्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या विदर्भातून एक मुलगा सातवी सोडून निघून गेला होता, त्याच विदर्भाने पन्नासएक वर्षांनी त्याला साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसवले. १ जून १९९८ रोजी ते गेले. पावसाळा तोंडावर आला होता. सह्याद्री हिरवा व्हायला थोडेच दिवस उरले होते. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

आता माझे पुढे काय झाले ते सांगतो. गोदामाला मी नाही म्हटले. इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला आणि काठावर का होईना सुटलो. आईने पेढे आणले नाहीत. एवढ्याशा गुणांना पेढे कसले, असे तिचे म्हणणे पडले. परंतु त्या रविवारी राजमाचीला निघालो तेव्हा पहाटे चारला उठून तिने दशम्या करून दिल्या. याआधी असे तिने कधी केले नव्हते.

या खेपेला आम्ही वेगळ्या तऱ्हेने गेलो. शिधा वाहून नेला नाही. उधेवाडीतल्याच घरी जेवलो आणि पैसे दिले. श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले चढण्याची घाई केली नाही, एकच चढलो. बाबांच्या पडवीत तासभर बसलो. मी त्यांना ‘माचीवरला बुधा’ची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली आणि बुधाकडे भातखाचर किती होते असे विचारले. मला सांगता आले नाही. मग बाबांनीच त्या जुन्या काळी माचीवर कोणाचे किती शेत होते, कोणते झाड कोणी लावले, पाण्याची टाकी कोण साफ करी, हे सांगायला सुरुवात केली, ती ऊन कलेपर्यंत थांबली नाही. मी वही नेली नव्हती. परतताना चढउतारापेक्षा ते सारे लक्षात ठेवण्याचीच मला जास्त धास्ती होती.

मित्रहो, येऊरचा डोंगर आपल्या सर्वांच्या खिडकीतून दिसतो. पुढच्या भटकंतीला येणार असाल तर जरूर या. पाण्याची बाटली आणा, कचरा परत न्यायला पिशवी आणा. आणि मी या वेळी विसरलो ती वही तेवढी विसरू नका.