इंटरप्टला धास्तावलेला संगणकतज्ज्ञ

अकोल्याचे सर्वोपचार असो की अमरावतीचे इर्विन, सकाळी ओपीडीसमोर रांग असतेच. तेवढ्यात अपघाताचा रुग्ण येतो, सिस्टर हाक मारतात. डॉक्टर हातातला केसपेपर अर्धवट ठेवून धावतात आणि परतल्यावर तिथूनच पुढे लिहू लागतात. संगणकातला प्रोसेसरही असाच वागतो. कळ दाबली, छपाई संपली, की त्याला हाक जाते. तिचे नाव इंटरप्ट. ही सोय नसती तर कुठे काही घडले का, हे त्याला सारखे स्वतः पाहत बसावे लागले असते.

ही हाक भरवशाची व्हावी म्हणून डोके शिणवणाऱ्यांत नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा आघाडीवर होते. जन्म १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. १९५२ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाची नोंद करताना असा व्यवसायच नसतो म्हणून कचेरीने तो नाकारला. कागदावर ते भौतिकशास्त्रज्ञ झाले!

त्याच सुमारास त्यांचे सहकारी लूपस्ट्रा आणि शोल्टन यांनी एक्स-१ या नव्या यंत्रात इंटरप्ट ठेवायचे ठरवले. डायक्स्ट्रा धास्तावले. तोवर तीच आज्ञावली पुन्हा चालवली की यंत्र तसेच वागे, त्यामुळे चूक पकडता येई. आता हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नव्हता. हिशेब अर्ध्यात असताना ती आली आणि परतताना हातचा हरवला, तर उत्तर चुकणार. वर दुसऱ्या दिवशी तीच चूक शोधायला जावे तर ती सापडणारच नाही. डॉक्टर परतले, पण केसपेपर भलत्याचाच उचलला, असा हा प्रकार.

काही काळ ते अडून राहिले. सहकाऱ्यांनी गोड बोलून, थोडे चढवून त्यांना राजी केले. मग मात्र यंत्र तयार होण्याआधीच त्यांनी इंटरप्ट सांभाळणारी आज्ञावली कागदावर रचली. चालवून पाहायला यंत्रच नव्हते, म्हणून ती बरोबर का आहे हे विचारानेच तपासावे लागले. हाक आली की आधी हातातले आकडे आणि थांबल्याची जागा जपायची, तेवढा वेळ दुसरी हाक थोपवायची, काम झाले की सारे जागच्या जागी ठेवायचे. १९५९ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढे आइंडहोवनला अनेक कामे एकमेकांच्या पायात न येता चालावीत म्हणून त्यांनी सेमाफोर ही युक्ती वापरली. रेल्वेचा वरखाली होणारा जुना सिग्नल आठवा, नाव तिथलेच. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. ऑगस्ट २००२ मध्ये न्यूनेन गावी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.