मेंदूतील रक्तवाहिन्यांचा नकाशा

मेंदूत धमनी आणि शीर मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या गेल्या की रक्तवाहिन्यांचा गुंता तयार होतो. तो फुटला तर जिवावर बेतते. आज अशा गुंत्यात बारीक नळीतून घट्ट होणारा द्रव सोडून तो बुजवता येतो. पण त्यासाठी तो आधी दिसायला हवा. ती वाट शोधली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी.

१८७४ मध्ये अवांका गावी जन्मलेले मोनिझ लिस्बनमध्ये मज्जाविकारांचे प्राध्यापक होते आणि राजकारणीही. १९१८ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. (गोव्याच्या कांदोळीत जन्मलेले संमोहनतज्ज्ञ आबे फारिया यांच्यावर त्यांनी १९२५ मध्ये पुस्तकही लिहिले.) राजकारण सुटल्यावर, पन्नाशीत, ते मेंदूकडे वळले.

क्ष-किरणांना अडवणारा द्रव मानेतल्या धमनीत टोचला तर वाहिन्या चित्रात उमटतील, हा त्यांचा तर्क. द्रव कोणता, हाच खरा प्रश्न होता. मृतदेहांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. गाऊटमुळे मोनिझ यांची बोटे वाकडी झाली होती, त्यामुळे सुई धरत ते सहकारी अल्मेदा लिमा. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड टोचलेला एक रुग्ण दगावला. ते सोडून मोनिझ सोडियम आयोडाइडकडे वळले आणि २८ जून १९२७ रोजी डोक्यात गाठ असलेल्या रुग्णाच्या वाहिन्या चित्रात दिसल्या.

१९३१ पासून ते थोरोट्रास्ट वापरू लागले. चित्रे सुरेख येत, टोचताना त्रासही नसे. पण त्यातले थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात आणि प्लीहेत कायमचे साठून राही. जगभर हा द्रव टोचला गेला आणि पुढे अनेक वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले. सुरेख चित्राचा मोह महागात पडला.

१९४९ चे नोबेल त्यांना मिळाले ते मात्र मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे बदनाम झाली. ते वाहिन्यांच्या चित्रांसाठी मिळाले असते तर अधिक शोभले असते.

१९५५ मध्ये मोनिझ वारले. १९६० मध्ये अमेरिकेत ल्युसेनहॉप आणि स्पेन्स यांनी धमनीतून प्लास्टिकचे गोळे सोडून असा गुंता बुजवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आज वापरल्या जाणाऱ्या ओनिक्स या द्रवात टँटलम धातूची पूड असते, तो पडद्यावर दिसावा म्हणून. थोरोट्रास्ट शरीरात नको असताना राहिले. हा द्रव टोचतात तोच कायमचा राहावा म्हणून.