चहा-साखरेवरची रेल्वे

१९४१ चा पावसाळा सरता सरता ‘बांद्रा’ नावाची एक ब्रिटिश आगबोट मुंबईबाहेर समुद्रात येऊन थांबली. तिच्यावर मुलाबाळांसह एक उंचापुरा, खचलेला म्हातारा होता. इराणचा पदच्युत बादशहा रझाशहा पहलवी. बोटीचं नाव आपल्या ओळखीचं, शहर समोर. पण इंग्रजांनी त्याला उतरू दिलं नाही. दुसऱ्या बोटीत बसवून मॉरिशसला धाडलं. इराण्याच्या हॉटेलात चहा घेताना मला हा माणूस हटकून आठवतो, आणि कारण चहाच आहे.

रझा १८७८ चा, माझंदरानच्या डोंगरातल्या आलाश्त गावचा. बाप तान्हेपणीच गेला. पोरवयात तो कोसॅक पलटणीत शिरला. १९२१ मध्ये त्याच पलटणीच्या जोरावर त्याने तेहरान ताब्यात घेतलं आणि १९२५ अखेर स्वतःच शहा झाला.

कास्पियन समुद्रापासून आखातापर्यंत १,३९४ किलोमीटरची रेल्वे त्याने १९२७ ते १९३८ मध्ये बांधून घेतली. परदेशी कर्ज नको, म्हणून चहा-साखरेवर कर बसवला. म्हणजे रोटी आणि गोड चहावर दिवस काढणाऱ्या गरिबाने ही रेल्वे घोटाघोटाने विकत घेतली. १९३४ मध्ये तेहरान विद्यापीठ निघालं, पुढे तिथे मुलीही शिकू लागल्या. हे मला मनापासून आवडतं.

पण १९३६ मध्ये चादोरवर बंदी आली आणि भररस्त्यात पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. माझ्या आजीने जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. तो हवालदाराने ओढला असता, तर तिला कुठली सुधारणा दिसली असती? त्याआधी १९३५ मध्ये सक्तीच्या विलायती टोपीविरुद्ध मशहदच्या गौहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्याच होत्या.

जवळच्यांचीही गत निराळी नव्हती. त्याचा उजवा हात असलेला दरबारमंत्री तैमूरताश १९३३ मध्ये तुरुंगात मेला. नवी न्यायव्यवस्था उभारणाऱ्या दावरने १९३७ मध्ये आत्महत्या केली. शहा मात्र जमिनी बळकावत देशातला सर्वांत मोठा जमीनदार झाला.

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि रशिया इराणमध्ये घुसले. रशियाला युद्धसामग्री पोचवायला त्यांना वाट हवी होती, आणि ती वाट म्हणजे हीच रेल्वे! लाडाकोडाने पोसलेलं सैन्य काही दिवसांतच कोसळलं. १६ सप्टेंबरला शहाने गादी सोडली. १९४४ मध्ये तो जोहान्सबर्गला वारला.

१९५० मध्ये त्याचं शव मायदेशी आणून तेहरानजवळ रे इथे भव्य मकबरा बांधला गेला. १९७९ च्या क्रांतीनंतर, १९८० मध्ये, तो पाडून टाकण्यात आला. पुढे बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे असा कायदा झाला. पोलीस पुन्हा रस्त्यावर, या वेळी उलट हुकूम घेऊन. रेल्वेला मात्र कुणी हात लावला नाही. २०२१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.