सुब्बाराव आणि ‘उलटं’ औषध

शाळेत दर आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी आठवतेय? लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची? तुमच्यातल्या काही जणांनी ती गुपचूप खिडकीबाहेरही टाकली असेल! त्यातलं फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या टीमचा प्रमुख एक भारतीय होता. त्याच टीमने लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरला पहिल्यांदा मागे रेटणारं औषधही बनवलं. त्याचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. स्वारी मॅट्रिक झाली ती तिसऱ्या प्रयत्नात. मद्रास मेडिकल कॉलेजात गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली, तर इंग्रज प्राध्यापक नाराज झाले आणि एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस पदवी हाती आली. त्यातच दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता स्प्रू. यात खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होत जातं.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सुब्बाराव बायकोला मागे ठेवून बोस्टनला गेले, ते परत आलेच नाहीत. रात्री हॉस्पिटलात पडेल ते काम आणि दिवसा हार्वर्ड. शरीरातला फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ची. बायोलॉजीत आपण घोकतो त्या एटीपीच्या शोधातही त्यांचा वाटा होता. तरी हार्वर्डने कायम नोकरी दिली नाही. १९४०मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

आता जरा मुंबईत येऊ. १९३०च्या आसपास लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथल्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने दाखवलं. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. १९४५मध्ये सुब्बारावांच्या टीमने ते कृत्रिमरीत्या बनवलं. स्प्रूच्या रुग्णांनाही त्याचा उपयोग झाला. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर पॅथॉलॉजिस्ट होते. ल्युकेमिया झालेली मुलं तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावायची. फॉलिक अ‍ॅसिडने त्यांचंही रक्त सुधारेल असं वाटून फार्बरनी त्याच कुळातली औषधं देऊन पाहिली. झालं उलटंच, आजार आणखी भडकल्यासारखा दिसला. दुसरा कुणी असता तर फाईल बंद करून मोकळा झाला असता. फार्बरनी मात्र प्रश्न उलटा केला. फॉलिक अ‍ॅसिडने कॅन्सर वाढत असेल, तर ते अडवल्यावर काय होईल?

उत्तर सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलं. तिथे अमिनोप्टेरिन तयार झालं. ते दिसायला जवळजवळ फॉलिक अ‍ॅसिडसारखंच. पेशी फसते, ते आत घेते आणि तिची वाढ अडते. डिसेंबर १९४७मध्ये फार्बरनी ते मुलांना द्यायला सुरुवात केली. जून १९४८मध्ये निकाल छापून आले : १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा. ती तात्पुरती होती, आजार पुन्हा उलटला. पण लहान मुलांचा ब्लड कॅन्सर औषधाने मागे हटतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं पाहायला सुब्बाराव राहिले नाहीत. ८ ऑगस्ट १९४८ला झोपेतच ते गेले. वय ५३.

अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. फरक इतकाच की आता ते एकटं नसतं, इतर औषधांच्या जोडीने देतात. श्रीमंत देशांत या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातली दहापैकी जवळपास नऊ मुलं आज वाचतात. आपल्याकडे औषध असूनही काही मुलांचे उपचार मध्येच सुटतात, कारण ते दोन-तीन वर्षं चालतात. गावाहून मुंबईला खेपा, राहायची सोय, बुडालेली मजुरी, हे सगळं त्या घराला झेपत नाही.

म्हणजे काम प्रयोगशाळेत संपत नाही, ते वॉर्डात आणि वॉर्डाबाहेरही चालूच असतं. त्यातलं एक काम आपल्याला जमण्यासारखं आहे. केमो सुरू असताना या मुलांना वरचेवर रक्त आणि प्लेटलेट्स लागतात. तुम्ही १८ पूर्ण केली असतील, तर कॉलेजच्या पुढच्या रक्तदान शिबिरात फक्त सेल्फीपुरतं जाऊ नका.