हलका धातू, जड मोल

दुसऱ्या महायुद्धात ज्या ‘स्टुका’ विमानांनी पोलंड व फ्रान्समध्ये हाहाकार उडवला, त्यांच्यावर ह्यूगो युंकर्स यांचे नाव होते. त्या विमानांशी मात्र त्यांचा संबंध उरलेला नव्हता.

प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात १८५९ साली जन्मलेल्या युंकर्स यांनी डेसाऊ येथे गॅसवर पाणी तापवणारे बंब तयार करून उद्योगाचा पाया घातला. पुढे आखेनच्या तंत्रविद्यालयात ते प्राध्यापक झाले. लाकूड व कापडाची विमाने उडत असताना १९१५ साली त्यांनी संपूर्ण धातूचे विमान उडवले. परंतु पोलादी पत्र्यामुळे ते फार जड झाले. तोड होती ती आल्फ्रेड विल्म यांच्या १९०६ च्या शोधात. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळून ती मिश्रधातू तापवली व एकदम थंड केली, की पुढील काही दिवसांत ती आपोआप कठीण होत जाते. या ड्युरॅल्युमिनचे ‘एफ-१३’ हे प्रवासी विमान २५ जून १९१९ रोजी, व्हर्सायच्या तहाआधी तीन दिवस, उडाले.

परंतु विमानधंदा सरकारी पैशाविना चालेना. १९२६ साली त्यांची विमानकंपनी लुफ्त हान्सामध्ये विलीन करावी लागली. मंदीत बंबांचा कारखानाही विकावा लागला. १९३३ साली नाझी सरकारने दडपण आणून त्यांची पेटंटे व बहुसंख्य भाग बळकावले आणि त्यांना डेसाऊतून हद्दपार केले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, शहात्तराव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे हलक्या धातूचे सामर्थ्य वाढतच गेले. तापवलेला धातू दाबयंत्राखाली साच्यात घडवला, की त्याचे कण भागाच्या आकारानुसार वळतात. असा घडीव भाग ओतीव भागाहून बळकट ठरतो. अमेरिकेने १९५० नंतर हवाईदलाच्या खर्चाने प्रचंड दाबयंत्रे उभारली. त्यांवर लढाऊ विमानांचे भाग घडले, तसे प्रवासी विमानांचेही.

संशोधकाने कल्पना द्यावी, करदात्याने भांडवल द्यावे आणि उपयोग मात्र सत्ताधाऱ्याने ठरवावा, हा या व्यवहारातील धोका होय. ज्या उद्योगाला सरकार हाच मुख्य ग्राहक असतो, तेथे सरकारवर लोकांचा अंकुश नसेल, तर मालकीहक्काचा कागद फार काळ संरक्षण देत नाही. युंकर्स यांच्या चरित्राचा अर्थ हाच आहे.