दुष्काळात आणि प्लेगात सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले यांचे नाव उच्चारताच पुण्याच्या भिडे वाड्यातील मुलींची शाळा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. इ. स. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी ती शाळा काढली. शाळेला जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल फेकीत, म्हणून सावित्रीबाई एक जादा लुगडे बरोबर नेत असत. ही हकीकत तुम्ही खालच्या इयत्तांत वाचली असेलच. ती येथे पुन्हा सांगत बसत नाही. या पाठात सांगावयाची आहे ती त्यांच्या आयुष्यातील निराळीच गोष्ट. महाराष्ट्रावर एकदा दुष्काळ आला आणि एकदा प्लेग आला, त्या वेळी उपाशी आणि आजारी माणसापर्यंत मदत पोचविण्यासाठी त्यांनी काय केले, ती ही गोष्ट आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या खेड्यात झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. १८४० साली, म्हणजे वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले, आणि पुढे त्या स्वतः शिक्षिका झाल्या. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाच्या कामातही सावित्रीबाई पहिल्यापासून पुढे होत्या.

समाज स्थापन होऊन तीन वर्षे होतात न होतात, तोच दख्खनवर मोठे अरिष्ट कोसळले. १८७६ साली पावसाने दगा दिला. खरीप गेले, रब्बीचीही आशा मावळली. विहिरी आटल्या. चाऱ्यावाचून गुरे तडफडून मेली. ज्यांच्या घरी दाणा उरला नाही, ती कुटुंबे गाव सोडून वाट फुटेल तिकडे चालू लागली.

सरकारने दुष्काळी कामे काढली होती, हे खरे. रस्ते बांधणे, खडी फोडणे, तलाव खोदणे अशी ती कामे असत. जो काम करील त्याला मजुरी मिळे. पण १८७७ च्या आरंभी सरकारने या मजुरीचे मान उतरविले. दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे ठरले. रत्तल म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. उन्हात खडी फोडणाऱ्या गड्याचे एवढ्यावर कसे भागावे? पुण्याच्या आसपासच्या कामांवरून मजुरांचे तांडेच्या तांडे काम टाकून निघून गेले. शिवाय ज्याच्या अंगी काम करण्याची ताकद उरली नव्हती, त्याचे काय? लहान मुलांचे काय? खडीच्या ढिगाशी पोचू शकेल त्यालाच मदत, असा तो प्रकार होता.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी नेमके हेच हेरले. पुण्याजवळ धनकवडी येथे त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. तेथे दुष्काळाने पोरक्या आणि उपाशी झालेल्या मुलांना रोज जेवू घालीत. मुले शेकड्यांनी येत. एवढ्या मुलांना पुरतील इतक्या भाकरी थापावयाच्या, तर पीठ, सरपण, पाणी आणि हात, सारेच हवे. घरचा पैसा पुरेना, तेव्हा मे १८७७ मध्ये जोतीरावांनी जाहीर विनंतीपत्रक काढून लोकांकडे मदत मागितली. मदत मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ती मागणी स्वतःच्या पोटासाठी नव्हतीच.

याच सुमारास सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे आणि प्रत्येकाने मोठेपणी अवश्य वाचावे असे आहे. त्यावरून तिकडची परिस्थिती कळते. सत्यशोधक मंडळी गावोगाव हिंडून लोकांना धीर देत होती, मदत गोळा करीत होती. पण काही सावकारांनी दुष्काळाचा फायदा घेऊन लोकांना नाडण्यास सुरुवात केली होती. त्यातून दंगे उद्भवले. दोनच वर्षांपूर्वी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. तेव्हापासून शेतकरी एकत्र जमलेले दिसले की अंमलदारांच्या मनात संशय येई. या वेळीही तसेच घडले. फौजदाराच्या लोकांनी सत्यशोधक समाजाच्या पन्नास माणसांना पकडून डांबले.

आता पाहा, माणसांना भाकरी देणारेच कोठडीत पडले, तर भाकरी कोण देणार? त्या भागात कलेक्टर आला होता. त्याने सावित्रीबाईंना बोलाविले. त्या काळी साहेबापुढे उभे राहताना भल्याभल्या पुरुषांची बोबडी वळत असे. सावित्रीबाई मात्र न डगमगता गेल्या. आमची माणसे निरपराध आहेत, ती लोकांच्या साहाय्यासाठी झटत आहेत, त्यांना कोणत्या कारणास्तव अडकविले, असे त्यांनी कलेक्टरला स्पष्ट विचारले आणि त्यांना ताबडतोब सोडावे अशी मागणी केली. कलेक्टर न्यायी वृत्तीचा निघाला. त्याने फौजदारांना खडसावले आणि सर्वांना मुक्त केले. एवढेच नव्हे, तर लोकांची हलाखी पाहून त्याचे मन द्रवले आणि त्याने वाटण्यासाठी जोंधळ्याच्या चार बैलगाड्या पाठवून दिल्या.

चार गाड्या जोंधळा म्हणजे काही साऱ्या तालुक्याचा दुष्काळ हटविणारी गोष्ट नव्हे. पण तो जोंधळा सरकारच्या हाती आधीही होताच. तो गाड्यांत भरला जाऊन गावकऱ्यांपर्यंत आला, तो कोणीतरी जाऊन विचारले म्हणून. मला या हकीकतीचे फार महत्त्व वाटते. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तुम्ही अगदी लहान होता. त्या वेळी सरकारने रेशन कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत दिले. आमच्या आर्णीतही कंट्रोलच्या दुकानापुढे माणसे अंतर राखून रांगेत उभी असत. पण जो अंथरुणाला खिळला होता, किंवा ज्याच्याजवळ कार्डच नव्हते, तो त्या रांगेत कोठून दिसणार? त्याच्यासाठी कोणा शेजाऱ्यालाच कचेरीत जाऊन विचारावे लागे. असो. आपण पुण्याकडे वळू.

दुष्काळ सरला. सावित्रीबाई आणि जोतीराव यांना मूल नव्हते. काशीबाई नावाच्या एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला होता. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. जोतीरावांच्या अखेरच्या काळात घरची स्थिती ओढगस्तीची होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खर्च केल्यावर शिल्लक कोठून राहणार? मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांना ही स्थिती कळविली, आणि महाराजांनी या कुटुंबासाठी एक हजार रुपये दिले. अशा प्रकारे, ज्या बाईंनी इतरांसाठी मदत मिळविली, त्यांच्याही घरी एके दिवशी मदत आली. ती मिळाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एक रोग ओळखला. तो गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग होता. रोग्याला सणकून ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि पुष्कळदा चार-सहा दिवसांत सारा खेळ आटोपे. उंदीर मरून पडू लागले की रोग आला असे लोक समजत. पण उंदरांवरील पिसवांमुळे तो माणसांत येतो, हे १८९८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पाहता पाहता रोग पुण्यात शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. हातावर पोट असणारे मागे राहिले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा पुढे २०२० साली करोनाच्या वेळीही वापरला गेला. रोग्यांना आणि प्रवाशांना तपासावे, संशयितांना वेगळे ठेवावे, जो आज्ञा मोडील त्याला शिक्षा करावी, असे अधिकार या कायद्याने सरकारला दिले. नुकसानभरपाईचा उल्लेख त्यात एका ठिकाणी ओझरता आहे, तोही ती द्यावी लागलीच तर खर्च कोणी सोसावा एवढ्यापुरता. घरातील कर्ता पुरुष इस्पितळात नेल्यावर मागे राहिलेल्या बायकामुलांनी काय खावे, याविषयी कायदा मुका होता. म्हणून लोक रोगापेक्षा इस्पितळालाच अधिक भीत आणि रोग्याला माळ्यावर किंवा अडगळीत लपवून ठेवीत. त्याच महिन्यात रँड नावाचा अधिकारी प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात आला.

सावित्रीबाईंचे वय या वेळी ६६ वर्षांचे होते. सून राधाबाई आधीच वारली होती. या वयात शहराबाहेर जाऊन राहिल्या असत्या, तर कोणीही नाव ठेवले नसते. पण त्यांनी यशवंताला हाताशी घेतले. पुण्याबाहेर हडपसरनजीक, उघड्या हवेच्या ठिकाणी, ससाणे यांच्या मळ्यात डॉ. यशवंतांनी दवाखाना उघडला. यशवंत सैन्यात डॉक्टर होता, त्यामुळे औषधोपचाराची बाजू त्याने सांभाळली. रोग्यांना दवाखान्यापर्यंत आणण्याचे काम सावित्रीबाईंनी आपल्याकडे घेतले.

हे काम केवढे अवघड होते, याची कल्पना आज यावयाची नाही. रुग्णवाहिका नव्हती. प्लेगच्या रोग्याला खाटेवर घालून न्यावयाचे, तर खांदा देण्यास चार माणसे मिळत नसत. त्यातून रोगी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील असेल, तर एरव्हीच त्याला कोणी शिवत नसे, मग प्लेगात कोण जवळ जाणार? अशा वस्त्यांत सावित्रीबाई स्वतः जात, रोग्यांना दवाखान्यात आणवीत आणि त्यांची शुश्रूषा करीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंढवा येथील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. मुंढवा हे गाव हडपसरपासून जवळच, मुळा-मुठा नदीच्या काठी आहे. सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि तशाच चालत दवाखाना गाठला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तापाने फणफणलेले पोर पाठीवर, त्याचा श्वास मानेवर, आणि चालणारी बाई ६६ वर्षांची! हा रोग आपल्यालाही होऊ शकेल, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. दवाखाना परका होता. त्या स्वतः गेल्या नसत्या, तर ते पोर घरातच राहिले असते.

त्यानंतर सावित्रीबाईंनाच ताप भरला. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. रँडच्या हाताखालील गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून झडत्या घेण्यास सुरुवात केली, ती त्यानंतर दोनतीन दिवसांनी. मुंढव्याचा तो मुलगा मात्र दवाखान्यात बरा झाला, असे सांगतात.

डॉ. यशवंतांनी पुढे आपला व्यवसाय चालूच ठेवला. १९०५ साली प्लेगची पुन्हा लाट आली, तेव्हा रोग्यांवर उपचार करीत असतानाच त्यांनाही प्लेगने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.